छळ, पाठलाग आणि शेजारधर्म

कोणत्या घरांत काय चाललें आहे, हें शेजाऱ्यापाजाऱ्यांना बहुधा ठाऊक असतें. चाळीच्या पातळ भिंती असोत कीं सोसायटीच्या जाड, रात्रीं भांडीं आदळल्याचा आवाज, मुलाची किंकाळी आणि त्यामागून एकाएकीं पसरणारी शांतता या गोष्टी लपून राहात नाहींत. सकाळीं त्या घरची गृहिणी कोणाच्या नजरेला नजर न देतां जिना उतरते, आणि तिच्या कपाळावरचें टेंगूळ पाहिलेल्या शेजारणी भाजीच्या भावाविषयीं बोलूं लागतात. या मौनामागें दुष्टपणा असतो असें नाहीं. नवराबायकोच्या भांडणांत तिऱ्हाइतानें पडूं नये, दोघांचें पुन्हां गोड झालें म्हणजे मधला माणूसच वाईट ठरतो, अशी एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि सभ्य माणसें ती निष्ठेनें पाळतात. रोजच्या कुरबुरींच्या बाबतींत ती शहाणपणाचीच आहे. परंतु जेथें एक मनुष्य दुसऱ्याला भीतीच्या जोरावर ताब्यांत ठेवीत असतो, तेथें तीच समजूत मारणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २९ जणींनीं पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचें सांगितलें. त्याच पाहणींतील दुसरा आंकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं कोणाकडे तरी साहाय्य मागणाऱ्या शेंकडा १४ च होत्या. तीनचतुर्थांशांहून अधिक जणींनीं याविषयीं कोणाजवळ अवाक्षरही काढलें नव्हतें. जी थोडी बोलते, तीही प्रथम पोलिसांकडे किंवा वकिलाकडे जात नाहीं. बहीण, आई, मैत्रीण, शेजारीण, कचेरींतील सहकारी किंवा घरचा डॉक्टर यांपैकीं कोणाजवळ तरी ती एखादें अर्धें वाक्य बोलून पाहते. त्या अर्ध्या वाक्याला जें उत्तर मिळतें त्यावर ती पुढें बोलणार कीं कायमची गप्प बसणार, हें अनेकदां ठरतें. म्हणून तें उत्तर कसें असावें, हें प्रत्येक सुशिक्षित घरानें आधींच जाणून ठेवणें अगत्याचें आहे.

प्रथम या छळाचें खरें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. "त्याचा स्वभाव तापट आहे, रागाच्या भरांत हात उठतो," असें स्पष्टीकरण सर्रास दिलें जातें. परंतु हाच तापट गृहस्थ वरिष्ठाच्या बोलण्यानें कितीही चिडला तरी त्याच्यावर हात उगारीत नाहीं. बाहेर तो अनेकदां अत्यंत मृदुभाषी म्हणून प्रसिद्ध असतो. त्याचा राग माणूस आणि जागा पाहून उसळतो. यावरून असें दिसतें कीं, येथें प्रश्न ताबा सुटण्याचा नसून ताबा मिळविण्याचा आहे. इव्हॅन स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या वर्तनाचें 'जबरदस्तीचें नियंत्रण' म्हणून विवेचन केलें. त्यांत मारहाण हें अनेक साधनांपैकीं एक असतें. पगार हातांतून काढून घेणें, दुधाच्या आणि रिक्षाच्या पैशांचाही हिशेब मागणें, माहेरच्या माणसांशीं बोलणें तोडणें, मोबाईल तपासणें, झोपूं न देणें, मुलांदेखत अपमान करणें, नोकरी सोडायला लावणें, अशीं दुसरीं साधनें रोज वापरांत असतात. मग वर्षांतून एकदांच मारलेली थप्पड वर्षभर पुरते, कारण ती पुन्हां बसूं शकेल, हें दोघांनाही ठाऊक असतें.

या छळाला कित्येक घरांत एक फेरा असतो. लिनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ स्त्रीनें १९७९ मध्यें त्याचें वर्णन केलें. प्रथम घरांत ताण वाढत जातो, मग स्फोट होतो, आणि त्यानंतर पश्चात्तापाचे, अश्रूंचे आणि भेटवस्तूंचे दिवस येतात. प्रत्येक घरांत हा फेरा असाच असतो असें नव्हे. कोठें पश्चात्तापाचा भाग कधींच येत नाहीं. परंतु जेथें तो येतो तेथें बाहेरच्या माणसाची फसगत होते. साडी आणि गजरा पाहून शेजारीण मनाशीं म्हणते, "झालें एकदांचें गोड." प्रत्यक्षांत तो पुढल्या स्फोटापूर्वींचा विसावा असतो.

पाठलाग हा याच छळाचा रस्त्यावरचा भाऊ होय. एखाद्या पुरुषानें नकार मिळाल्यावरही स्त्रीच्या मागें मागें जाणें, ती उतरते त्या स्टेशनावर रोज उभें राहणें, पुन्हां पुन्हां फोन करणें, तिच्या मैत्रिणींकडून तिची माहिती काढणें, नाना नांवांनीं खातीं उघडून तिला निरोप पाठविणें, हें सर्व त्यांत येतें. चित्रपटांनीं या वर्तनाला प्रेमाची चिकाटी म्हणून सजवून दाखविलें आणि 'नाहीं' याचा अर्थ 'अजून नाहीं' असा लावण्याची संवय कित्येक तरुणांना लागली. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लींतील भीषण घटनेनंतर न्यायमूर्ति वर्मा समिति नेमण्यात आली, आणि २०१३ च्या दुरुस्तीनें पाठलाग हा भारतीय दंडविधानांत स्वतंत्र अपराध ठरला. ता. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तो कलम ७८ मध्यें आहे. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत आणि पुढील दोषसिद्धीला पांच वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. स्त्रीच्या इंटरनेटच्या किंवा ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणें हेंही त्याच कलमांत येतें.

पाठलाग करणारा अनोळखी माथेफिरूच असतो, हा समज खरा नाहीं. पुष्कळदां तो सोडलेला पति, तुटलेल्या संबंधांतील मित्र किंवा कचेरींतील ओळखीचा मनुष्य असतो. तिचें वेळापत्रक, तिच्या बहिणीचा पत्ता, तिच्या मोबाईलचा परवलीचा शब्द, हें सारें त्याला आधींच अवगत असतें. घरांतून बाहेर पडलेली स्त्री सुटली असें लोक समजतात; तिच्यापुरती मात्र घरांतली पाळत रस्त्यावर आलेली असते.

येथें तो प्रश्न येतो, जो प्रत्येक पीडितेला ऐकावा लागतो : "इतका त्रास होता तर ती निघून कां गेली नाहीं?" या प्रश्नाचीं उत्तरें साधीं आहेत आणि अनेक आहेत. घर त्याच्या नांवावर असतें. मुलांची शाळा त्या घराजवळ असते. हातांत पैसा नसतो. माहेरीं भाऊ-भावजयीचा संसार असतो आणि पाठच्या बहिणीचें लग्न व्हायचें असतें. "तूं गेलीस तर मी जीव देईन" किंवा "मुलांना पुन्हां पाहूं देणार नाहीं" अशी धमकी असते. शिवाय हाच मनुष्य कधीं काळीं प्रेमानें वागला होता, तो पुन्हां तसा होईल अशी आशा असते, आणि आशा बाळगणें हा कांहीं मूर्खपणा नव्हे. या सर्वांहून मोठें कारण असें कीं, निघून जाण्याची वेळ हीच पुष्कळदां सर्वांत धोक्याची असते. ताबा हातांतून निसटतो आहे असें दिसतांच ताबा ठेवणारा अधिक हिंसक होतो. अनेक खून स्त्री घर सोडीत असतांना किंवा सोडल्यानंतरच्या कांहीं महिन्यांत होतात, असें निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळलें आहे. तेव्हां न गेलेली स्त्री दुबळी असते असें म्हणतां येत नाहीं. पुष्कळदां तिनें धोक्याचा हिशेब बाहेरच्यांपेक्षां अधिक अचूक केलेला असतो.

स्त्रीला परत पाठविण्याची समाजाची घाई महाराष्ट्राला नवी नाहीं. बालपणीं झालेल्या विवाहानंतर पतीकडे नांदायला जाण्याचें नाकारणाऱ्या रखमाबाईंवर १८८४ मध्यें मुंबईच्या हायकोर्टांत दावा झाला. १८८५ मध्यें निकाल त्यांच्या बाजूनें लागला. परंतु १८८७ मध्यें पतीकडे जा, नाहींपेक्षां सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन पण जाणार नाहीं, असें त्यांचें उत्तर होतें. १८८८ मध्यें तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या, आणि पुढें विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. त्यांच्या धैर्याचें कौतुक होतें तें योग्यच आहे. परंतु त्यांच्या पाठीशीं आजोबा, सावत्र वडील आणि मित्रमंडळ उभें होतें, ही गोष्ट त्या कौतुकांत विसरली जाते. एकटीच्या धैर्याला आधाराची जोड लागते.

आतां तो आधार कसा द्यावा, तें पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ मध्यें आरोग्यसेवकांसाठीं एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. तींत पांच गोष्टी सांगितल्या आहेत : ऐकून घेणें, गरज विचारणें, विश्वास दाखविणें, सुरक्षितता वाढविणें आणि पुढील साहाय्याशीं जोडून देणें. त्या डॉक्टर-परिचारिकांसाठीं सांगितलेल्या असल्या तरी घरच्या माणसांनाही तितक्याच लागू पडतात.

ऐकणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. ऐकणाऱ्याला लगेच उपाय सुचवावासा वाटतो, किंवा राग येऊन "त्याला बघतोच" असें म्हणावेंसें वाटतें. दोन्हींनीं तिचें बोलणें तुटतें. भाऊ चिडून जाब विचारायला गेला, तर त्याचा वचपा भाऊ परतल्यावर रात्रीं तिच्यावर निघतो. ऐकण्याची जागा एकांताची असावी. पति, सासू किंवा बोलतें मूल जवळ असतांना विषय काढूं नये. "तूं काय केलेंस म्हणून त्यानें मारलें?" हा प्रश्न तर कधींच विचारूं नये, कारण त्यांत निकाल आधींच दिलेला असतो. "तरी मी सांगत होतें," हेंही नको. "हें तुझ्यामुळें घडलेलें नाहीं," "तूं सांगितलेंस हें बरें केलेंस," "माझा तुझ्यावर विश्वास आहे," इतकीं साधीं वाक्यें पुरतात. वर्षानुवर्षें 'तूंच वाईट आहेस' असें ऐकलेल्या कानांना तीं अपूर्व वाटतात.

मग तिला काय हवें आहे, हें तिलाच विचारावें. एखादीला आजची रात्र काढायला जागा हवी असते, दुसरीला मुलाची फी, तिसरीला केवळ आपण वेड्या नाहीं एवढी खात्री. जिच्या आयुष्यांतील प्रत्येक निर्णय दुसरा घेत आला, तिच्यावर साहाय्य करणाऱ्यानें आपला निर्णय लादला तर मालक तेवढा बदलतो. म्हणून घर सोडण्याचा आग्रहही नको आणि नांदण्याचा उपदेशही नको. तिनें सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीवांचून कोणाला सांगूं नये. सोसायटीच्या व्हॉट्सॲप-समूहावर तर तिची सावलीही पडतां कामा नये. ती कोठें राहात आहे हें सहज म्हणून बोललेलें एक वाक्य पाठलाग करणाऱ्याला तिच्या दारापर्यंत आणून सोडतें.

एका बाबतींत मात्र ऐकणाऱ्यानें सावध असलें पाहिजे. कांहीं चिन्हें जिवाचा धोका दाखवितात. त्यानें तिचा गळा दाबला असेल तर, वर एकही वळ दिसत नसला तरी, ती गोष्ट अत्यंत गंभीर समजावी. पूर्वीं गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढें त्याच पुरुषाकडून खून होण्याचा संभव सातपटीहून अधिक असतो, असें अमेरिकेंतील एका अभ्यासांत २००८ मध्यें दिसून आलें. गळा दाबल्यावर कांहीं तासांनीं किंवा दिवसांनींही श्वासनलिकेला किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांना अपाय झाल्याचें उघड होतें. म्हणून डॉक्टरांना तत्काळ दाखवावें आणि काय घडलें तें स्पष्ट सांगावें. ठार मारण्याची धमकी, शस्त्र जवळ असणें, गरोदरपणांतील मारहाण, पराकोटीचा संशय, बळजबरीचा समागम, मारहाणींत हळूहळू होणारी वाढ, आणि सोडून गेल्यावरचा पाठलाग हींही तशींच चिन्हें होत. यांपैकीं अनेक एकत्र दिसलीं तर "पाहूं आठ दिवस" असें म्हणण्याची ती वेळ नसते. तिची स्वतःची भीतिही एक चिन्हच मानावें. "तो मला मारून टाकील" असें ती म्हणते तेव्हां त्यांत अतिशयोक्ति असेलच असें कोणी धरून चालूं नये.

सुरक्षिततेची तयारी शांतपणें आणि आगाऊ करावी लागते. आधार-पत्र, शिधापत्रिका, बँकेचें पुस्तक, मुलांचे जन्मदाखले, विवाहाचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती विश्वासू घरीं ठेवाव्यात. त्याच घरीं कपड्यांचा एक जोड, थोडी रोख रक्कम आणि किल्ल्यांची दुसरी जोडी असावी. शेजारणीशीं खूण ठरवून ठेवावी : विशिष्ट शब्दाचा निरोप आला, किंवा गॅलरींतील दिवा अवेळीं लागला, कीं तिनें पोलिसांना फोन करावा. भांडण पेटलें तर स्वयंपाकघरांत शिरूं नये, कारण तेथें सुरी आणि आग दोन्ही असतात. ज्या खोलीला बाहेर पडायला दार आहे तिकडे सरकावें. मध्यें पडायचें नाहीं आणि कोणत्या घरीं धांवायचें, हें मुलांना समजावून द्यावें.

आजच्या काळांत मोबाईल हा मित्रही असतो आणि हेरही. फोनवरून ठिकाण कळविण्याची सोय चालू असते. तिचें खातें घरांतील एखाद्या जुन्या यंत्रावर उघडें राहिलेलें असतें. पर्सच्या अस्तरांत किंवा स्कूटरच्या पेटींत माग काढणारें बोटभर यंत्र लपविलेलें असतें. तिनें कोठेंही न सांगितलेली गोष्ट त्याला कळते असें वारंवार घडूं लागलें कीं याचा संशय घ्यावा. मात्र सर्व कांहीं एकदम बंद केलें तर त्याला सुगावा लागतो आणि धोका वाढतो. म्हणून आधीं साहाय्याचे फोन शेजारणीच्या किंवा कचेरींतील फोनवरून करावेत, नवें खातें सुरक्षित यंत्रावर उघडावें, आणि जुन्या फोनची झडती जाणकाराच्या सल्ल्यानें व योग्य वेळीं घ्यावी. नवीन बँकखात्याचे निरोप कोणत्या फोनवर येतात, एवढी एक गोष्ट पाहावयाची राहिल्यामुळें सारा बेत उघडा पडूं शकतो.

पुरावा जपणें हें साहाय्यकाचें मोलाचें काम आहे. तारीख, वार, वेळ, ठिकाण, काय घडलें आणि कोणी पाहिलें, याची वही ठेवावी. ती तिच्या घरीं नसावी. धमकीचे निरोप संतापानें पुसून टाकूं नयेत. त्यांचीं छायाचित्रें घ्यावींत आणि मूळ फोनही जपून ठेवावा, कारण न्यायालयांत मुळाला किंमत असते. जखमांचीं छायाचित्रें त्याच दिवशीं आणि पुन्हां दोनतीन दिवसांनीं घ्यावींत, कारण वळ उशिरां गडद होतात. डॉक्टरांना "पाय घसरून पडलें" असें सांगितलें कीं कागदावर तेंच येतें आणि तोच कागद पुढें तिच्या विरुद्ध उभा राहतो. पाठलाग करणाऱ्याला एकदांच, स्पष्ट शब्दांत आणि शक्य तर लेखी नकार द्यावा. त्यानंतर उत्तर देऊं नये. वीस फोनांनंतर एकविसाव्याला रागावून दिलेलें उत्तरही, वीस वेळां प्रयत्न केला कीं बोलणें होतें, एवढाच धडा त्याला शिकवितें.

कायद्याची वाट लोक समजतात तितकी एकेरी नाहीं. फौजदारी बाजूस पति किंवा त्याचे नातेवाईक यांनीं केलेल्या क्रूरतेबद्दल १९८३ मध्यें दंडविधानांत कलम ४९८-अ आलें. आतां तें न्याय संहितेच्या कलम ८५ मध्यें आहे. परंतु पुष्कळ स्त्रियांना पति तुरुंगांत जावा असें वाटत नसतें. मार थांबावा आणि डोक्यावर छप्पर राहावें, एवढेंच हवें असतें. त्यांच्यासाठीं कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा ता. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे चारही प्रकार त्यांत येतात. तो पत्नीपुरताच नाहीं. आई, बहीण, विधवा भावजय आणि विवाहासारख्या संबंधांत एकत्र राहिलेली स्त्री यांनाही तो लागू आहे. घटस्फोट मागावा लागत नाहीं, कीं आधीं पोलिसांत गुन्हा नोंदविला पाहिजे असेंही नाहीं.

या कायद्याखालीं संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ते घटनेचा अहवाल तयार करतात आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्यास साहाय्य करतात. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आंत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकालांत काढण्याचा यत्न व्हावा, असें कायदा सांगतो. प्रत्यक्षांत विलंब होतो हें खरें, परंतु तातडीचा अंतरिम आदेश, प्रसंगीं एकतर्फींही, मागतां येतो. छळ व संपर्क थांबविण्याचा आदेश, राहत्या घरांतून बाहेर न काढण्याचा किंवा त्या पुरुषालाच बाहेर राहावयास लावण्याचा आदेश, खर्च, नुकसानभरपाई आणि मुलांचा तात्पुरता ताबा, इतकें दंडाधिकारी देऊं शकतात. घर सासऱ्यांच्या नांवावर आहे म्हणून सुनेचा तेथें राहण्याचा हक्क आपोआप संपत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें स्पष्ट केलें. संरक्षणाचा आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात.

शेजाऱ्यांनीं या कायद्याचें चौथें कलम अवश्य लक्षांत ठेवावें. कोठें हिंसा घडली, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असें वाटल्यास कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्याला कळवूं शकतो, आणि सद्‌हेतूनें कळविणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. 'कोर्टकचेरीचा ससेमिरा मागें लागेल' ही भीति कायद्यानेंच दूर केली आहे. मार चालू असतांना ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावें. सल्ल्यासाठीं आणि निवाऱ्यासाठीं १८१ हा महिलांचा क्रमांक आहे, फोन-इंटरनेटवरील छळासाठीं १९३० हा सायबर गुन्ह्यांचा. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दींतला आहे, या कारणावरून पोलिसांना तक्रार नाकारतां येत नाहीं. २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंत तसें स्पष्ट आहे. १९८७ च्या विधि सेवा कायद्यान्वयें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें.

महाराष्ट्रांत या कामाचा अनुभव जुना आहे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनीं १९८४ मध्यें स्त्रिया व मुलांसाठीं विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारांत बसून समाजकार्यकर्त्यांनीं पीडितेचें ऐकून घ्यावें, ही कल्पना पुढें राज्यभर पसरली. या शतकाच्या आरंभीं मुंबई महानगरपालिका आणि सेहत ही संस्था यांनीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत 'दिलासा' केंद्र उघडलें. जखम बांधायला आलेल्या स्त्रीला ती जखम कशी झाली हें तेथेंच, आपुलकीनें, विचारलें जावें, हा त्यामागील विचार होता. २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेंतून 'सखी' केंद्रें निघालीं; उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा निवारा एका छताखालीं मिळावा, हा त्यांचा हेतु आहे.

येथें एक इशारा आवश्यक आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना बैठक भरवून समेट करण्याची हौस असते. दोन समान बळाच्या माणसांत मतभेद असतील तर बैठक उपयोगी पडते. परंतु ज्याची भीति वाटते त्याच्याच समोर बसून स्त्रीनें मोकळेपणानें बोलावें, ही अपेक्षा अन्यायाची आहे. अशा बैठकींत ती "कांहीं नाहीं, माझीच चूक" असें म्हणते, वडील मंडळी समाधानानें चहा घेतात, आणि त्या रात्रीं तिला बैठकीची किंमत मोजावी लागते. बोलणीं करावयाचीं तर तिच्या इच्छेनें, तिचें स्वतंत्रपणें ऐकून आणि प्रशिक्षित माणसांकडून व्हावींत. वडीलधाऱ्यांच्या शब्दाला घरांत वजन असेल तर त्यांनीं तें मारणाऱ्यावर वापरावें आणि "या घरांत हें चालणार नाहीं" एवढें एक वाक्य ठामपणें म्हणावें.

पाठलाग होणाऱ्या स्त्रीच्या बाबतींत साहाय्य पुष्कळ हातांत वांटतां येतें. कचेरीच्या स्वागतकक्षांत तिच्याविषयीं आलेल्या चौकशीला उत्तर न देण्याची सूचना असावी. पहारेकऱ्याजवळ त्या इसमाचें छायाचित्र असावें. स्टेशनापर्यंत कोणी सोबत करावी, जाण्यायेण्याची वेळ व वाट बदलती असावी. मूल कोणाच्या हातीं सोंपवावें आणि कोणाच्या नाहीं, हें शाळेला लेखी कळविलेलें असावें. न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रतही तेथें द्यावी. तिनें नोकरी सोडावी, फोन बंद करावा, शहर बदलावें, असे सल्ले मात्र जपून द्यावेत, कारण त्यांत दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा तिलाच भोगावी लागते.

या सर्व खटाटोपांत साहाय्य करणाऱ्याच्या धीराची कसोटी लागते. दोन दिवस आश्रयाला राहिलेली स्त्री तिसऱ्या दिवशीं त्याच घरीं परत जाते. तक्रार लिहून झाल्यावर ती मागें घेते. त्या वेळीं "आतां आमच्याकडे येऊं नकोस" असें शब्द तोंडून जाण्याचा संभव असतो, आणि मारणाऱ्याला हवें तेंच होतें, कारण तिचें शेवटचें दार बंद झालेलें असतें. कित्येक स्त्रिया कायमच्या बाहेर पडण्यापूर्वीं अनेक वेळां जातात आणि येतात. प्रत्येक वेळीं त्या कांहीं तरी शिकतात : कोणता कागद विसरला, कोणावर विसंबतां येतें, मुलें कोठें सुरक्षित राहतात. म्हणून परत जाणाऱ्या स्त्रीला "वाटेल तेव्हां ये, कितीही रात्र झाली तरी ये," असेंच सांगावें.

१८६३ मध्यें जोतीराव फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. फसवणुकीला बळी पडलेल्या विधवेनें तेथें यावें, गुपचूप बाळंत व्हावें. दोष कोणाचा, हें कोणी विचारणार नाहीं, असें त्याचें आश्वासन होतें. १८८९ मध्यें पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदा सदन काढलें, १८९६ मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यांत विधवांसाठीं आश्रम स्थापिला. या संस्थांचीं उद्दिष्टें निरनिराळीं होतीं, परंतु आधीं दार उघडावें आणि चौकशी मागाहून करावी, ही रीत त्यांनीं महाराष्ट्राला घालून दिली. ती रीत पाळण्यासाठीं संस्था काढावी लागत नाहीं. एक रिकामी खाट, एक कुलुपाचा खण, कपाटाआड लिहून ठेवलेले तीनचार क्रमांक, आणि कोणाजवळ न बोलणारी जीभ एवढी सामग्री कोणत्याही घरीं असते. अशीं घरें प्रत्येक जिन्यावर एकेक जरी झालीं, तरी हिंसा सोसून गप्प राहणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळ जणी बोलूं लागतील. आणि छळाचा सारा खेळ ज्या एकांतावर चालतो तो एकांत त्या दिवसापासून मोडूं लागेल.